लोखंडाची स्मृती आणि खानदेशचा विद्यार्थी

भुसावळजवळच्या दीपनगर येथे कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेने वाफ तयार होते, जनित्राचा चुंबक मिनिटाला 3000 फेरे घेतो आणि निर्माण झालेली वीज रोहित्रांतून बाहेर पडते. या रोहित्रांच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकत्वाची दिशा सेकंदाला 100 वेळा उलटत असते. लोखंड मात्र आपली आधीची दिशा सहजासहजी सोडत नाही. ती वळविण्यात ऊर्जा खर्ची पडते आणि गाभा तापतो. पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी प्रयोगवहीत ‘हिस्टेरेसिस’चा जो वक्र काढतो, त्याने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे हाच तोटा होय. तो कमी व्हावा म्हणून गाभ्यासाठी सिलिकॉनयुक्त खास पोलाद वापरावे लागते.

लोखंडाचा हा हट्ट रोहित्रात दोष ठरतो. संगणकाच्या चुंबकीय तबकडीत तोच गुण ठरतो. वीज गेल्यावरही तिच्यावरील नोंद टिकते ती याच गुणामुळे. या चुंबकत्वाचे मूळ मुख्यत्वे इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या अंगभूत गुणधर्मात आहे. रूढ इलेक्ट्रॉनिकी इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर चालते. नवी शाखा त्याच्या स्पिनलाही कामाला लावते. 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी लोह व क्रोमियम यांच्या अतिपातळ थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्रात लक्षणीय घटतो, हे स्वतंत्रपणे दाखविले. 1997 पर्यंत त्या तत्त्वावरील तबकड्या बाजारात आल्या. 2007 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

खानदेशातील विद्यार्थ्याला या विषयाची गरज काय, असा प्रश्न विचारला जाईल. पदवीनंतर नोकरीची निकड असलेल्या घरांत तो गैरही नाही. परंतु जळगावला 1990 साली स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, ते केवळ पदव्या जवळ मिळाव्यात एवढ्यासाठी नव्हे. अतिपातळ थर बनविणारी निर्वात यंत्रे महाग आहेत, हे खरे. त्यांसाठी मुंबईच्या मोठ्या संस्थांशी सहकार्य करावे लागेल. प्राथमिक अभ्यासाला मात्र एवढे भांडवल लागत नाही. हिस्टेरेसिस आणि हॉल परिणाम हे एम.एस्सी.चे परिचित प्रयोग आहेत. ते गुणांपुरते उरकायचे, की त्यांतून रोहित्रापासून संगणकापर्यंतची वाट दाखवायची, हा प्रश्न पैशाचा कमी आणि अध्यापनाचा अधिक आहे.

तयार ज्ञान विकत घेणाऱ्या समाजाला त्याची किंमत पुन्हा पुन्हा मोजावी लागते. दीपनगरच्या विजेवर दूरच्या शहरांतील संगणक चालावेत आणि त्यांच्या स्मृतीचे शास्त्र मात्र येथील मुलांना परके राहावे, हा व्यवहार खानदेशला परवडणारा नाही.