खऱ्याला खोट्याची साक्ष
ब्रिटनचा बँक्सी खरं नाव लपवून भिंतींवर चित्रं काढतो. भिंत काही घरी नेता येत नाही, म्हणून शौकीन त्याच्या लिमिटेड एडिशन प्रिंट्स जमवतात. २००४ च्या 'गर्ल विथ बलून'च्या सहीवाल्या प्रती फक्त १५०, बिनसहीच्या ६००. कोपऱ्यात ४५/१५० असेल, तर ती १५० पैकी ४५ वी.

पण सही-आकड्याची नक्कल कोणीही करेल! म्हणून २००८ मध्ये बँक्सीने 'पेस्ट कंट्रोल' ही संस्था काढली. तिच्या सर्टिफिकेटला बँक्सीनेच छापलेली, राणीऐवजी डायनाचा चेहरा असलेली दहा पाउंडांची खोटी नोट अर्धी फाडून जोडतात. नोटेवर हाताने लिहिलेला नंबरही त्यात मधोमध फाटतो. दुसरा अर्धा भाग संस्थेकडे. दोन्ही जुळले, तर सर्टिफिकेट अस्सल.

तेव्हा घेणाऱ्याने आधी सर्टिफिकेट बघावं, मग सही.