खुडूक

कंदील जरा इकडं ओढा आणि निवांत टेका, कारण ही गोष्ट एकवीस दिवसांची आहे, घाईनं सांगून भागायची नाही.

आमच्या परड्यात एक तांबडी गावरान कोंबडी होती. कणगीमागं जाऊन अंडं घालायची आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा गलका करायची. थंडी सरत आली तेव्हा एक दिवस ती अंडं घालून उठलीच नाही. आजीनं खाली हात घातला, तर अंग फुगवून, पिसं साळिंदरासारखी उभारून तिनं अशी चोच मारली की आजीच्या मनगटावर रक्ताचा ठिपका उमटला. आजीला राग यावा की नाही? ती आनंदानं आईला हाक मारून म्हणाली, "अगं, तांबडी खुडूक झाली!"

खुडूक झालेली कोंबडी म्हणजे निराळंच प्रकरण. अंडी घालणं बंद, भटकणं बंद, घशातून नुसता खुर्रखुर्र आवाज. पोटाखालची पिसं झडतात, उघड्या पडलेल्या कातडीत रक्त उतरतं आणि ती जागा तव्यासारखी उबदार होते. हे सारं घडवण्यात प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा मोठा हात असतो, आणि नवल असं की बाळंतिणीला दूध येतं तेही त्याच प्रोलॅक्टिनमुळं. ज्यांना पिलं नकोत, नुसती अंडी हवीत, ते खुडूक मोडायला बिचारीला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस खुपसतात. आजीला ते अजिबात खपत नसे. "बसू द्या तिला, तिच्या मनात आलंय," म्हणायची.

आता अंड्याची गंमत ऐका. आजी आठ-दहा दिवसांची अंडी गाडग्यात साठवून ठेवायची, म्हणजे एक कालचं, तर एक मागच्या सोमवारचं. मग पिलं मागंपुढं निघायला नकोत का? पण निघतात जवळजवळ एकाच दिवशी! कोंबड्याचा संग झालेल्या अंड्यात बलकावर एक फिकट ठिपका असतो, तोच पुढं पिलू होणार. पण अंडं गार आहे तोवर तो वाढत नाही, जणू वाट बघत थांबतो. अर्थात ही वाट फार दिवस पाहवत नाही, आठवडा उलटला की जोर कमी होत जातो. ऊब लागली की मात्र सगळ्यांची मोजणी एकदमच सुरू होते.

तर आजीनं पाटीत तळाशी राख पसरली, उवा-पिसवा होऊ नयेत म्हणून, वर वाळलेलं गवत, त्यात अकरा अंडी, आणि वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून एक कोळसा आणि एक मोडका खिळा. खिळ्यानं वीज अडते की नाही हे आजीलाच ठाऊक, पण राखेचं म्हणणं खरं होतं. मग अंधार पडल्यावर तांबडीला अलगद उचलून पाटीत ठेवली.

मी शाळेतून आलो की पाटीशी बसायचो. ती चोचीनं अंडं पोटाशी ओढायची, कडेचं मध्ये घ्यायची, मधलं कडेला सारायची, दिवसातून कितीतरी वेळा. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर आतलं पिलू पडद्याला चिकटून दगावतं, हे तिला कुणी सांगितलं? दिवसातून एकदा ती उठायची. कण्या टिपायच्या, पाणी प्यायचं, उकिरड्याच्या मातीत लोळायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जागेवर.

सातव्या रात्री आजीनं एकेक अंडं बॅटरीच्या उजेडापुढं धरलं. आत तांबड्या धाग्यांचं जाळं आणि मधोमध कोळ्यासारखा काळा ठिपका! दोन अंडी नुसतीच पिवळी उजळली, ती बाजूला काढली. ग्रीस देशातल्या ॲरिस्टॉटलनं सुमारे 2300 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अंडं फोडून पाहिलं तर पांढऱ्यात रक्ताचा एवढासा ठिपका धडधडताना दिसतो, आणि तेच पिलाचं काळीज.

पण मला सगळ्यांत नवल वाटतं ते विसाव्या दिवसाचं. आजीनं एक अंडं माझ्या कानाला लावलं. आतून चिवचिव ऐकू आली! कवचाला अजून तडासुद्धा नव्हता. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची पोकळी असते, पिलू आधी तिथला पडदा फोडून पहिला श्वास घेतं आणि बोलू लागतं. आणि अंडं परत पाटीत ठेवताच तांबडी अगदी हलक्या आवाजात खुडूक-खुडूक करून त्याला उत्तर देऊ लागली. तोंड बघण्याआधी मायलेकरांची ओळख झाली, ती अशी.

एकविसाव्या दिवशी चोचीच्या शेंड्यावरच्या इवल्याशा दातानं पिलं आतून टोचू लागली. हा दात तेवढ्या कामापुरताच, काही दिवसांत गळून जातो. एक टोचा, मग लांब विसावा, पुन्हा एक. मी मदतीला नख लावायला गेलो तर आजीनं हात धरला. कवचाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त खेळत असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो, घाई केली तर पिलू जातं. तोच बलक पुढं दोन-तीन दिवसांची शिदोरी होतो, म्हणून आई मागं राहिलेल्यांसाठी खुशाल बसून राहू शकते.

नऊ पिलं निघाली. तांबडी दाणा उचलायची, टाकायची, टुकटुक करायची, की सगळी धावत यायची. घारीची सावली पडली की वेगळाच एक आवाज, आणि नऊच्या नऊ पिलं पंखाखाली गडप. रात्री तिच्या पिसांतून एखादं डोकं बाहेर यायचं, इकडंतिकडं बघून पुन्हा आत जायचं.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी तिनं दाण्यावर आलेल्या पिलाला टोचून लांब केलं. ते भांबावून बघत राहिलं. दुपारी कणगीमागून गलका ऐकू आला, आणि आजी गाडगं घेऊन उठली.