सोबतीसाठी खून? डेनिस निल्सन आणि अस्तित्ववादी मानसशास्त्र

मागच्या व्याख्यानात आपण इर्विन यालोम यांनी सांगितलेल्या चार मूलभूत चिंता पाहिल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थशून्यता. त्यांतलं एकाकीपण आज एका अवघड प्रकरणाला लावून बघू.

डेनिस निल्सन हा लंडनमधला सरकारी नोकर. बेरोजगारांना काम मिळवून देणाऱ्या कचेरीत होता. १९७८ ते १९८३ या काळात त्याने किमान १२ तरुणांचे आणि किशोरांचे खून केले. फेब्रुवारी १९८३ मध्ये इमारतीचं गटार तुंबलं, त्यात मानवी अवशेष निघाले आणि तो पकडला गेला. पैशाचा लोभ नाही, सूड नाही. घरी आणायचा, दारू पाजायचा, गळा आवळायचा. नंतर प्रेताला आंघोळ घालायचा, खुर्चीत बसवून त्याच्याशी बोलायचा. ब्रायन मास्टर्स यांनी त्याच्यावरच्या १९८५च्या पुस्तकाला नावच दिलं ‘किलिंग फॉर कंपनी’.

मेलेल्या माणसाची सोबत कसली, असं आपण विचारू. इथे सार्त्र उपयोगी पडतो. दुसरा माणूस माझ्याकडे बघतो, मला जोखतो, मनात आलं तर उठून जातो. त्याचं हे स्वातंत्र्य मला बोचतं. मेख अशी की त्याच्या सोबतीला किंमत येते तीही त्यामुळेच; जाऊ शकणारा माणूस थांबला तरच थांबण्याला अर्थ. निल्सनला थांबणं हवं होतं, जाण्याची शक्यता नको होती. पहिल्या खुनामागे हीच भीती होती, की सकाळी हा निघून जाईल. प्रेत जात नाही. पण ते सोबतही करत नाही, म्हणून मग पुढचा माणूस. एका खुनावर हे का थांबलं नाही, याचं उत्तर आम्हाला इथे दिसतं.

आता जरा सावध होऊ. लहानपणी आजोबांचं प्रेत पाहिलं, तेव्हापासून प्रेम आणि मृत्यू मनात एक झाले, ही कहाणी निल्सननेच सांगितलेली. खरी असेलही. पण ‘मी असा घडलो, माझा इलाज नव्हता’ या बोलण्याला सार्त्र आत्मवंचना म्हणेल. आणि निल्सनची वागणूकच त्या कहाणीला तडा देते. त्याच्या घरी आलेले कितीतरी जण सकाळी सुखरूप परत गेले. १९८२ मध्ये एकाला तर त्याने बुडवत आणलं आणि मग स्वतःच शुद्धीवर आणलं. म्हणजे हात थांबवता येत होता! ओल्ड बेलीत बचाव पक्षाने मनोविकारामुळे जबाबदारी कमी ठरते असं मांडलं. ज्यूरीने ते १० विरुद्ध २ अशा बहुमताने नाकारलं. तत्त्वज्ञानाच्या बाजूनेही आम्हाला तो निर्णय बरोबर वाटतो.

अजून एक गोष्ट आम्हाला खटकते. ‘एकाकी’ हे विशेषण आपण खुन्याला लगेच बहाल करतो. त्याच्या हाती लागलेल्यांत कित्येक बेघर होते, बेकार होते, घरापासून तुटलेले होते. कुणीतरी निवारा देतोय, दोन शब्द बोलतोय, म्हणून ते त्याच्याबरोबर गेले. यालोम म्हणतात ती चिंता त्यांच्याही वाट्याला आलीच होती, आणि निल्सनने नेमका तिचाच फायदा घेतला. त्यांतल्या काहींची ओळख अजूनही पटलेली नाही.