‘कर म्हणजे ओझं की फायदा?’ हा प्रश्न जरा खारघरला नेऊन पाहू

सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यावर तुम्ही ‘कर : समाजावरील ओझे की लाभ?’ असं शीर्षक लिहिलं असेल, तर ते खोडायच्या आधी हा लेख वाचा. शीर्षक खोडावं लागणार आहेच, पण त्यातून एक चांगला विषय निघू शकतो. अडचण ‘समाज’ या शब्दात आहे. समाज कधी बिल भरत नाही. बिल कुणा एकाच्या नावाने येतं, पैसे कदाचित दुसऱ्याच्या खिशातून जातात आणि रस्ता तिसऱ्याच्या दारासमोर होतो.

उदाहरण लांबचं कशाला? नवी मुंबईचंच घेऊ. बेलापूरपासून खारघर रेल्वेने एक स्टेशन. बेलापूर १९९२ पासून नवी मुंबई महापालिकेत आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड मात्र सिडकोकडेच राहिले. तिथले रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरत होते. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली आणि हे नोड तिच्यात आले. मालमत्ता कराची बिलं मात्र २०२१ मध्ये आली, आणि ती ऑक्टोबर २०१६ पासूनची! लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. रहिवाशांचं म्हणणं साधं होतं : आम्ही सिडकोला पैसे दिले, सेवा सिडकोने दिली, मग त्याच वर्षांचा कर पालिकेला का?

इथे पहिला फरक लक्षात घ्या, नेटच्या परीक्षेलाही लागतो. कर आणि शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात तो भेद मांडला : कर सक्तीचा असतो आणि त्याच्या बदल्यात भरणाऱ्याला ठरावीक काही मिळेलच असं नसतं, शुल्क हे सेवेच्या बदल्यात असतं. म्हणजे सिडकोचं ते शुल्क, पालिकेचा तो कर. ‘सेवा नाही तर पैसे नाहीत’ हा शुल्काचा युक्तिवाद आहे आणि खारघरमध्ये तो कराला लावला जात होता. कायद्याच्या अंगाने तो लंगडा पडतो. पण म्हणून रहिवासी अर्थशास्त्राच्या अंगानेही चूक ठरतात, असं समजू नका.

मग ज्यातून भरणाऱ्याला थेट काहीच परत येत नाही, तो कर निव्वळ ओझं का? घरातल्या कुणाची तरी पगाराची स्लिप काढा. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० होतात, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ ने १९८८ पासून तेवढीच कमाल मर्यादा ठेवली आहे. महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये कायदा करून लावला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. या करातून जितके जमतील तितकेच पैसे सरकारने स्वतःच्या बाजूने घालायचे, अशी रचना होती. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गेलेला रुपया दुष्काळी गावातल्या पाझर तलावावरच्या मजुरीत निघत होता. दोघांना विचारलंत तर ‘ओझं की फायदा’ची दोन उत्तरं मिळतील आणि दोन्ही खरी असतील. त्यांची सरासरी काढून काय कळणार?

म्हणून पहिला प्रश्न : भार नक्की कुणावर? आपल्या पाठ्यपुस्तकांत कराघात आणि करभार असे दोन शब्द आहेत. बिल ज्याच्या हातात पडतं त्याच्यावर कराघात, शेवटी ज्याची मिळकत खरोखर घटते त्याच्यावर करभार. (‘भार’ शब्दातच घातलाय, त्यामुळे मराठीत हा वाद निम्मा हरूनच सुरू होतो.)

खारघरच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे. समजा, एका कुटुंबाने २०१९ मध्ये तिथे जुना फ्लॅट विकत घेतला. तेव्हा २०१६ ते २०१९ चं बिल निघालेलंच नव्हतं, त्यामुळे किंमत ठरवताना ते कुणी धरलं नसण्याची शक्यता मोठी. मालमत्ता कराची थकबाकी कायद्याने मालमत्तेवरच बसते, व्यवहारातला शब्द आहे ‘बोजा’. विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला आणि त्याच्या तीन वर्षांचा कर नव्या मालकाच्या घरावर चढला. मला विचाराल तर ‘सेवा मिळाली नाही’ यापेक्षा हा मुद्दा जास्त भक्कम आहे. दरवर्षी येणारं बिल माणूस घरखर्चात बसवतो. एकदम मागून आलेलं चार-पाच वर्षांचं बिल, वर शास्ती, हे वेगळंच प्रकरण असतं, रक्कम तीच असली तरी.

आता हे मोजायचं कसं? वॉलेस ओट्स यांचा १९६९ चा पेपर शोधून वाचा. त्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या ५३ स्थानिक संस्था घेतल्या आणि घरांच्या किमती पाहिल्या. इतर गोष्टी सारख्या ठेवल्या तर जास्त मालमत्ता कराने किंमत खाली येते, शाळांवरच्या जास्त खर्चाने वर जाते, असं त्यांना दिसलं. म्हणजे ओझं आणि फायदा दोन्ही एकाच आकड्यात, घराच्या भावात, उमटतात. मते विचारत बसायची गरज नाही.

मग बेलापूर आणि खारघर घ्या, २०१६ च्या आधीचे-नंतरचे भाव घ्या, फरकातला फरक काढा, झाली पीएचडी? थांबा. पालिका स्थापन झाली १ ऑक्टोबरला आणि नोटबंदी ८ नोव्हेंबरला. पुढच्या मे महिन्यात महारेरा, जुलैत जीएसटी. त्यातून बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये खारघरमधून धावू लागली. भाव हलला तर तो कराने हलला हे कशावरून? माझ्या मते २०१६ ही तारीखच सोडून द्यावी आणि २०२१ ची बिलं हा धक्का धरावा, कारण खरेदीदारांना कर ‘दिसला’ तो तेव्हा. कोविडचा गोंधळ त्यातही आहे, पण तो बेलापूरलाही होता.

‘दुहेरी आकारणी’ हा दावाही तपासता येतो, पण सेवेनुसार. हस्तांतर टप्प्याटप्प्याने झालं. कचरा कधी गेला, रस्ते कधी, दिवे कधी, याच्या तारखा माहिती अधिकारात मागवा आणि सिडकोच्या पावत्यांशेजारी ठेवा. काही महिने दुहेरी निघतील, काही नाही.

सर्व्हे करणार असाल तर एक सावधगिरी. सोसायटीच्या ऑफिसात बसून प्रश्नावली भरून घेतलीत तर तुम्हाला फक्त मालक भेटतील. नोडमध्ये भाडेकरू खूप, आणि गावठाणातल्या घरांत तर आणखी. त्यांच्या नावाने बिल येत नाही, त्यामुळे आंदोलनात ते नव्हते आणि बातम्यांतही फारसे नाहीत. मालकाने कर भाड्यात टाकला की स्वतः सोसला, हे त्यांच्याकडेच कळेल. आणि इथे महाराष्ट्रात राहण्याचा एक फायदा आहे : १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणं सक्तीचं आहे. नोंदणी न झालेले करार पुष्कळ असतात हे धरूनही, २०२१ च्या आधी आणि नंतर त्याच इमारतीतलं भाडं किती लिहिलंय हे पाहता येतं. सुरुवात एका सेक्टरपासून करा.