गणिताच्या तासाची पंधरा वर्षं

बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले की पस्तीस लिहिणारं मूल बहुतेक प्रत्येक वर्गात असतं. दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून दोन काढतं. मग पाचातून दोन गेले, राहिले तीन. उत्तर चुकीचं, पण त्यामागे मुलाचा स्वतःचा एक नियम आहे. तो नियम ओळखायचा, दहाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या मुलाच्या हातात द्यायच्या आणि सात काढून घ्यायला सांगायचं. एवढ्याशा कामासाठी प्राथमिक शिक्षकाला तयार करायचं म्हणून महाराष्ट्रात २०१० पासून निघालेले शासन निर्णय, झालेली प्रशिक्षणं आणि घेतलेल्या चाचण्या मोजायला बसलं, तर काड्या कमी पडतील.

याआधी काही घडलंच नव्हतं असं नाही. खडू-फळा मोहिमेत गणिताचं साहित्य शाळांत आलं होतं. १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित होता आणि त्याच सुमारास झालेलं 'स्मार्ट पी. टी.' प्रशिक्षण जुन्या गुरुजींना अजून आठवतं. पण वर्षाच्या शेवटी परीक्षा होती आणि तिच्यात उत्तराला गुण होते. उत्तर बरोबर की चूक, एवढंच बघायची सवय त्यातून लागली.

शिक्षण हक्क कायद्यानं ती घडी मोडली. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार, संकलितला ३०. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, दैनंदिन निरीक्षण असं सगळं पाहून मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या होत्या. कल्पना उत्तम होती. पस्तीस लिहिणारं मूल नेमकं कुठं अडलं हे लिहिण्यासाठीच तर ती नोंद होती. पण नोंद कशी घ्यायची हे प्रशिक्षणात जेवढं सांगितलं गेलं, त्याहून जास्त नोंदवही कशी भरायची हे सांगितलं गेलं. परिणाम व्हायचा तो झाला. तयार नोंदी फिरू लागल्या आणि चाळीस मुलांपुढं 'उदाहरणे अचूक सोडवतो', 'संख्याज्ञान समाधानकारक' अशी वाक्यं उतरवली गेली. गावात मात्र 'परीक्षाच बंद झाली' एवढंच पोचलं.

प्रशिक्षणाचा मार्ग तेव्हाही ठरलेला होता आणि आजही तोच आहे: राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र. पुण्यात चार दिवस चाललेली चर्चा केंद्रावर येईपर्यंत दुपारच्या चहापुरती उरते. गावच्या नळयोजनेत शेवटच्या घराला जशी धार मिळते, तशी. त्यातून चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा असेल, तर एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग पडतात. शिकून आलेली गोष्ट करून बघायला निवांतपणा मिळायचा कुठून?

या कथेतला सगळ्यात जिवंत भाग सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचा. तिथल्या जिल्हा परिषदेच्या चाळीसएक शाळांत शिक्षकांनी आणि विस्तार अधिकाऱ्यांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीनं काम उभं केलं होतं. मुलं गटात बसत, जमिनीवर आखलेल्या चौकटींत खडे-काड्या मांडत, दशक-एककाची अदलाबदल हातानं करत. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर झाला तोवर कुमठ्याला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागत होत्या. शिक्षकानं शिक्षकाचा वर्ग प्रत्यक्ष पाहावा, हे सरकारी प्रशिक्षणात फारसं घडलेलंच नव्हतं. पाहून आलेले कामाला लागले, हेही खरं.

मात्र जे डोळ्यांना दिसतं तेच आधी उचललं जातं. वर्षभरात गावोगावच्या शाळांच्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. संख्यारेषा, शंभरचा तक्ता, वर्तुळं, सगळं झकास. पण त्या फरशीवर मुलाला काय विचारायचं, किती वेळ गप्प राहायचं आणि चुकलं तरी पटकन उत्तर का सांगायचं नाही, हे रंगाच्या डब्यात मिळत नाही. कुमठ्याच्या शिक्षकांनी ते एकमेकांचे वर्ग पाहून, वाद घालून, हळूहळू कमावलं होतं. राज्यानं मात्र तारखा दिल्या.

त्याच वर्षी पायाभूत चाचणी आली, पाठोपाठ संकलित चाचण्या. मूल आज कुठं आहे हे वर्षाच्या सुरुवातीला कळावं, हा हेतू योग्यच होता. गुण 'सरल' प्रणालीत भरायचे होते आणि तिथं रेंज, सर्व्हर, रात्रीची जागरणं असा नवा अभ्यासक्रम शिक्षकांना शिकावा लागला. भरलेली माहिती वर गेली. वरून परत काय आलं, तर शाळा 'प्रगत' की 'अप्रगत'. तिसरीतली निम्मी मुलं हातच्याच्या वजाबाकीत कोणत्या प्रकारे चुकतात आणि त्यावर पुढच्या सोमवारी काय करून बघावं, असा कागद परत आला असता तर चाचणीचं चीज झालं असतं. गणित पेट्याही आल्या. काही उघडल्या गेल्या, काही हरवलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीनं कपाटातच राहिल्या.

२०१७ मध्ये अध्ययन निष्पत्ती आल्या आणि १३ नोव्हेंबरला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं. प्रश्नांचा तोंडवळा बदलला. नुसती मांडलेली वजाबाकी मागे पडली. बाजार, घड्याळ, बसचं तिकीट अशा प्रसंगातून गणित ओळखायचं होतं, तेही पर्यायांतून. अनेक ठिकाणी तयारी म्हणून नमुना प्रश्नसंचांचा रतीब सुरू झाला. रतिबाचा दोष शिक्षकांना देणं सोपं आहे. निकालाची विचारणा मात्र त्यांच्याकडेच होत होती.

पुस्तकंही थांबली नव्हती. पहिली-दुसरीची पुस्तकं २०१३ ला बदलली होती. पहिलीचं २०१८ मध्ये पुन्हा बदललं, दुसरीचं २०१९ मध्ये. दुसरीच्या गणितात 'त्रेपन्न'बरोबर 'पन्नास तीन' अशीही वाचनाची सोय दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: मुलांना जोडाक्षरं जड जातात आणि ऐकलेल्या क्रमानं ती ३५ लिहून बसतात. विधानसभेत अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांना 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, अशी कोटी केली आणि महाराष्ट्र खदखदून हसला. दोन्ही पद्धती चालणार होत्या, हे त्या हशात बुडालं. दुसरीच्या शिक्षकाला मात्र जूनमध्ये पालकांना तोंड द्यायचं होतं, आणि 'आमच्या पोराला वीस एक का शिकवता' याचं उत्तर त्याला कुणी पढवलं नव्हतं. बदल वाईट नव्हता. तो वर्गात नेणाऱ्याला वाऱ्यावर सोडलं होतं.

करोनानंतर १ जुलै २०२१ ला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला. त्याच महिन्यात केंद्रानं निपुण भारत जाहीर केलं. त्यातली लक्ष्यं शिक्षकाला हाताळता येण्याजोगी आहेत: पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीत ९९९, तिसरीत ९९९९. कित्येक पानांच्या निष्पत्तींपेक्षा हे बरंच बरं. २०२३-२४ पासून 'स्टार्स' प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या आणि त्याच वर्षी पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षाही परतली. ज्या शिक्षकानं २०१० मध्ये परीक्षा सोडायला शिकून घेतलं होतं, त्याला ती पुन्हा धरायला शिकावं लागलं.

या सगळ्यात बिनबोभाट चालत राहिली ती केंद्राची शिक्षण परिषद. आठ-दहा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात. केंद्रप्रमुखांची अनेक पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली आणि परिषदेचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात जातो, तरी कुणीतरी मुलांच्या वह्या घेऊन येतो, कुणी भागाकार काड्यांनी करून दाखवतो, आणि दोघं-तिघं जिन्यात उभं राहून त्यावर बोलतात. शिक्षकांचे व्हॉट्सॲप गटही याच जातीचे; सुट्टीच्या परिपत्रकांच्या गर्दीत एखादा स्वतःच्या वर्गातला व्हिडिओ टाकतो आणि रात्री उशिरापर्यंत प्रश्न येत राहतात.

२०२५-२६ मध्ये नव्या राज्य अभ्यासक्रमानुसार पहिली सुरू झाली. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयावर रान पेटलं ते पहिलीपासूनच्या हिंदीवरून, आणि २९ जूनला हिंदीचे निर्णय मागे घेतले गेले. पहिलीच्या गणितात काय बदललं, शिक्षकांची तयारी किती झाली, हे त्या गदारोळात कुणी विचारलंच नाही. एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकात दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी २०२६-२७ मध्ये बदलायची होती. निपुण भारतनं तिसरीपर्यंतचं प्रत्येक मूल तयार करायला दिलेली मुदतही २०२६-२७ चीच. त्या वर्षी तिसरीत बसणारी मुलं पहिली आणि दुसरी जुन्या पुस्तकांतून शिकून आलेली असणार, आणि त्यांच्या शिक्षकांसाठीही पुस्तक नवंच असणार.