शनिवारचे तेली

पनवेलची ओळख ज्याची त्याची निराळी. कुणाला मुंबई-पुणे रस्त्यावरचा थांबा आठवतो, कुणाला बैलगाडीची चाके घडवणारे इथले जुने कारागीर, तर हल्लीच्या मुलांना नवा विमानतळ. मला मात्र पनवेल म्हटले की १८४९ साली उभी राहिलेली एक ‘मशीद’ आठवते. या मशिदीत नमाज होत नाही. ती आहे ‘बेथ एल’, म्हणजे देवाचे घर. बेने इस्राएल, अर्थात आपल्या मराठी ज्यूंचे प्रार्थनामंदिर. आपल्या सिनेगॉगला ही मंडळी मशीदच म्हणत आली.

मी मराठीचा अध्यापक. आडनावांवर बोलताना वर्गात मी हमखास प्रश्न टाकतो, “पेणकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर हे कोण?” मुले आपापल्या ओळखीच्या जाती सांगतात. ही आडनावे ज्यूंचीही आहेत म्हटल्यावर मात्र वर्ग क्षणभर गप्प होतो. ज्या गावाने थारा दिला त्याचे नाव आपल्या नावापुढे लावायचे, ही कोकणची रीत या पाहुण्यांनी इतकी मनापासून उचलली की शंभराहून अधिक गावे त्यांच्या आडनावांत जाऊन बसली.

त्यांचा मूळ पुरुष कोण? त्याचे नाव कुणालाच माहीत नाही. परंपरा सांगते ती एवढेच, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने परत दिलेली प्रेते त्यांनी नवगावलाच पुरली. हे कधी घडले? समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर हा काळ इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराचा मानतात. इतर संशोधकांना तो पुष्कळ अलीकडचा वाटतो. तो वाद पंडितांवर सोपवू.

मला कुतूहल आहे ते त्या चौदा जणांच्या दुसऱ्या दिवसाचे. धर्मग्रंथ बुडाले, भाषा कुणाला कळेना, किनारा परका. अशा वेळी माणूस काय सोडतो आणि काय धरून ठेवतो? त्यांनी भाषा सोडली, वेश सोडला. तेलाचा घाणा धरला आणि गावगाड्यात तेली म्हणून जागा मिळवली. परंतु शनिवार सोडला नाही. शब्बाथच्या दिवशी घाणा बंद म्हणजे बंद! म्हणून गावाने त्यांना नाव दिले, ‘शनिवार तेली’. ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलांची सुंता आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध एवढीच त्यांची शिदोरी. सणांची हिब्रू नावे विसरली, तेव्हा त्यांनी सरळ मराठी नावे घेतली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. वालाच्या बिरड्याने एका प्राचीन शोकदिनाची आठवण जपावी, हे कोकणातच व्हायचे!

पुढे दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू आला. कोणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी, कोणी म्हणतात अडीचशे. हे खरेच आपले भाईबंद आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने घरच्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच! पोथी बुडाली होती. ती स्वयंपाकघराने जपली होती.

दुसरी परीक्षा याहून कठीण निघाली. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. कोकणच्या पावसात वाढलेली कुटुंबे नेगेवच्या वाळवंटात, १९५५ मध्ये वसवलेल्या दिमोनासारख्या गावी, नव्याने बिऱ्हाड मांडू लागली. पूर्वज जसे वसाहतकार होते, तसेच आता वंशज. पण १९६०च्या सुमारास तिथल्या काही धर्मगुरूंनी, इतर ज्यूंशी यांची लग्ने लावण्यापूर्वी यांच्या पिढ्या तपासाव्यात असा आग्रह धरला. ज्यांनी केवळ शनिवारच्या आधारावर शतके काढली, त्यांना पुरावा मागितला गेला! समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले. त्याच देशातून या मंडळींनी मराठी नियतकालिक चालवले. त्याचे नाव ‘मायबोली’. दुसरे कोणते असणार?

भारतात आता हा समाज मोजक्या काही हजारांवर आला आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

वाचकहो, कुलाब्याच्या किनाऱ्यावर कित्येक घरांच्या दिवाळीच्या पणत्या याच घाण्यांच्या तेलावर तेवल्या असतील. तेल कुणी गाळले हे पणतीला ठाऊक नसते. आपल्यातही अनेकांचे पूर्वज केव्हातरी कुठून तरी आलेलेच. यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा, आपले आडनाव कुठल्या गावचे, आणि तिथे येण्यापूर्वी आपण कुठे होतो? उत्तर अर्धवट मिळाले तरी चालेल. शनिवार तेल्यांना तरी कुठे पुरते मिळाले आहे!