खटका

"माझ्या पायावर पाय ठेवत या भाऊ. हिरोगिरी करून बाजूनं नका चालू."

हे मला ऐकवणारी वनरक्षक ताई माझ्या निम्म्या वयाची असेल. पेंचच्या जंगलात, सिल्लारीच्या बाजूला, मे महिन्यातली पहाट. साडेपाचलाच अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला. ताईच्या कानावर हेडफोन आणि हातात लांब दांड्याचं मेटल डिटेक्टर. दांड्याच्या टोकाची तबकडी जमिनीपासून वीतभर वर धरून ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवते. एक फेर, दोन पावलं. तिच्यामागे हातात टेंभरूची काठी घेतलेले वनमजूर मामा, मामांमागे बीटातला दुसरा वनरक्षक आणि सगळ्यात शेवटी मी. सुकलेल्या नाल्याच्या रेतीतून ही वरात पाणवठ्याकडे निघाली होती. नागपूरच्या माणसाला जंगल म्हणजे जिप्सी आणि कॅमेरा. तासभर चालून आपण पाऊण किलोमीटरही गेलेलो नाही, असलं जंगल मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शोध चालला होता खटक्याचा, म्हणजे लोखंडी जबड्याच्या सापळ्याचा.

आदल्या दिवशी तो मला दाखवला होता, कधीतरी जप्त केलेला, गंजलेला. दोन अर्धगोल जबडे, दोन्ही बाजूंना पट्टीच्या दणकट स्प्रिंगा, मधोमध तव्याएवढी पातळ थाळी आणि थाळीला जेमतेम अडकलेली एक खिट्टी. शिवाय साखळी आणि तिच्या टोकाला खुंटी. बस, एवढंच यंत्र. थाळी दबली की खिट्टी सुटते, मग स्प्रिंगा वर उसळून जबडे मिटवतात. मामांनी लांबूनच काठी थाळीवर टेकवली. खट्ट! अंगठ्याएवढ्या जाडीची काठी मोडली आणि अर्धी जबड्यात राहिली. नावाचा उलगडा वेगळा करावा लागला नाही.

मग माझी पाळी. जबडा उघडायचा कसा, हे गस्तीवर येणाऱ्या प्रत्येकाला करून पाहावं लागतं. हातानं ओढून तो उघडत नाही, आणि तसं करायला जाणं मूर्खपणाचंही आहे. दोन्ही स्प्रिंगांवर बुटाचे दोन पाय देऊन पूर्ण वजन टाकायचं. एकच दाबली तर दुसरी जबडा सोडत नाही. "स्वतःचाच पाय अडकला तं पहिले खाली बसा," ताई म्हणाली. "ओढू नका. ओढलं की दात आणखी आत जाऊन राह्यले समजा." हे तिनं टिफिनच्या डब्याचं झाकण कसं लावायचं ते सांगावं, अशा सुरात सांगितलं.

माणसाचं त्याला कळतं, तो बसू शकतो. वाघ ओढतो. साखळी ताणून फिरतो, लोखंडाला चावतो आणि त्यात सुळे तुटतात. पंजाचा रक्तपुरवठा थांबतो, पाय सुजतो आणि काही तासांत मांस मरायला लागतं. मेच्या उन्हात हे सगळं आणखी लवकर. समजा तो सुटलाच, तर बोटं गेलेला, सुळे तुटलेला वाघ चितळामागे धावणार कसा? तो गावाजवळची गाय बघणार. म्हणजे गुरं मारणाऱ्या जनावराचा बंदोबस्त म्हणून कुणी हा सापळा लावला, तर त्यातून सुटून येणारं जनावर गुरंच मारणार. इतका उलटा इलाज मी दुसरा पाहिलेला नाही.

अडकलेला वाघ दिसला तर गस्तीचं काम एकच: मागे सरकायचं, वायरलेसवर कळवायचं आणि गावकऱ्यांची गर्दी लांब रोखायची. पुढचं काम पशुवैद्यकाचं. झायलाझिन आणि केटामिन भरलेला डार्ट लांबून मारायचा, औषध चढेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड. घाईनं पुढं गेलं की अर्धवट शुद्धीतला वाघ उठतो, नाहीतर खुंटीच उपटून येतो. झोपल्यावर आधी डोळ्यांवर कापड, अंगावर पाणी, आणि मग स्प्रिंगांवर पाय. पुढच्या उपचारांसाठी नागपुरात सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, गोरेवाड्याचं बचाव केंद्र आहे.

2012 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या परिसरात दोन वाघ असे सापडले. एक मेला, एक वाचला. पुढच्याच वर्षी मेळघाटातल्या शिकारींचं प्रकरण उघडकीला आलं, माणसं पकडली गेली, न्यायालयातून शिक्षाही झाल्या. या धंद्यातल्या टोळ्या मध्य प्रदेशातून येतात, आपल्याकडेही त्यांना वाटाडे मिळतात. जंगलाकाठी चहाच्या टपरीवर मात्र लोक एकदम फासेपारध्यांचं नाव घेतात. फास लावून तितर-लाव्हे धरणारी ही जमात इंग्रजांनी 1871 च्या कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवली. 1952 मध्ये तो शिक्का पुसला, टपरीवरचा मात्र अजून ओलाच आहे.

टुंईऽ. ताई थांबली, आम्हीही थांबलो. मामांनी काठीनं रेती टोचली, उकरली. गुटख्याची चकचकीत पुडी निघाली. पुढे बाटलीचं बूच, छत्रीची काडी, टॉर्चचा सेल. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, हे या नाल्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. खर्र्याची पन्नी मात्र प्लास्टिकची, त्यामुळे यंत्रापुढे एकदम साळसूद. काही ठिकाणी मुरुमातल्या लोहामुळे तबकडी उगाच कुरकुरते. कुरकुर आणि हाक यांतला फरक ताईला कळतो. मी हेडफोन लावून पाहिला, मला दोन्ही सारखेच वाटले.

मामा यंत्राकडे बघतही नव्हते. ते माणूस शोधत होते. वाघाला नाल्याची रेती, जुनी बैलवाट, जाळरेषा आवडते. पायाखाली काटा नाही, आवाज नाही. आपणही तिथूनच चालतो. त्या वाटेवर आडवी पडलेली फांदी वाऱ्यानं पाडली की कुणी ठेवली, भोवती सुका पाचोळा असताना हातभर जागेतलीच पानं ओलसर कशी, दगडाची मातीची बाजू वर कशी आली, हे मामा बघतात. एका ठिकाणी ते बराच वेळ उकिडवे बसले. शेवटी म्हणाले, "अस्वल हाये. उधई खाल्ली त्यानं." मग उठले. या एका वाक्याला दहा मिनिटं लागली होती.

परदेशात हाच सापळा कायदेशीर हत्यार म्हणूनही वापरला जातो. अमेरिकेत कोयोटेपासून मेंढ्या राखायला तो लावतात. सुएल न्यूहाऊस नावाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या लोहारानं एकोणिसाव्या शतकात त्याला धंद्याचं रूप दिलं. आता तिथं रबर लावलेले जबडे, मिटल्यावरही थोडी फट ठेवणारे जबडे, पीळ न पडणारी फिरती कडी, हलक्या जनावरानं न दबणारी थाळी असं बरंच काही निघालंय. पण तिथले जाणकारही भर देतात तो लवकर आणि नेमानं जाऊन सापळा बघण्यावर. इंग्लंडनं दातेरी सापळा 1958 मध्ये बंद केला, युरोपीय संघानं पाय पकडणारे सापळे 1995 पासून. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापळा हे सरळ हत्यारांच्या व्याख्येतच बसवलंय आणि सापळ्यात धरणं म्हणजे शिकार.

आपल्याकडेही सरकारनं एकेकाळी तो वापरला. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी जिम कॉर्बेटकडे ऐंशी पौंडी धूड पाठवलं होतं. बिबट्या त्यात अडकला आणि निसटला. शेवटी 1926 मध्ये गोळीच लागली. आता गावात शिरलेल्या बिबट्यासाठी पिंजरा लागतो. शेळी वेगळ्या कप्प्यात, दार पडलं की वरून ताडपत्री, म्हणजे अंधारात तो शांत राहतो आणि गजांवर दात मारत नाही. तरी विदर्भात वाघाला खटक्यापेक्षा रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेची भीती मोठी, आणि ती कुठल्याच तबकडीत वाजत नाही.

पाणवठा वीस पावलांवर राहिला तेव्हा हेडफोनमधला आवाज मलाही बाहेर ऐकू आला. लांब, सलग. ताईनं हात वर केला. मामांनी काठी पुढे करून चारही बाजूंनी हळूहळू टोचलं आणि खुरप्यानं माती ओढली. मी श्वास धरून होतो. बैलाची नाल निघाली. इथून कधीकाळी वाट जात असणार.

मला हसू आलं. ताईनं नाल झटकून झोळीत टाकली, मोबाईलमध्ये जागेची नोंद केली. भंगार कशाला वाहता, मी विचारलं.

"इथंच ठेवली तं उद्या पुन्हा वाजन," ती म्हणाली. "परवा वाजन. चौथ्या दिवशी आपण म्हणू, नालच हाये, चला पुढं."

आणि तिनं तबकडी पुन्हा त्याच खड्ड्यावरून फिरवली.